पिटमेडनच्या बागेत रायगड

स्कॉटलंडमधल्या क्रेगीव्हार कॅसलच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून एक आजी बसल्या होत्या, तिथल्या स्वयंसेविका. कुठून आलात म्हणाल्या. मी नेहमीसारखं ॲबर्डीन म्हटलं, मग त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना त्याच्या आधीचं गाव हवंय, म्हणून इंडिया, मग मुंबईच्या खाली डोंगरात एक शहर आहे, सातारा, असं सगळं सांगितलं. तुमच्याकडेही कॅसल्स असतील ना? मी म्हटलं, खूप आहेत, आमच्या गावाच्या डोक्यावरच एक आहे, रस्त्यात कुठेही उभं राहून मान वर केली की दिसतो. त्यांना इतका आनंद झाला. आणि मग अगदी सहज, शेजारच्या घराबद्दल विचारावं तशा सुरात त्यांनी विचारलं, "मग आता तिथे कोण राहतं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

त्या नुसतं "ओह" म्हणाल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवला. कोणीतरी गेल्याचं कळल्यावर ठेवतात ना, तसा. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, मागून माणसं येत होती, जिना अरुंद, पुढे सरकावंच लागलं. पण ते "ओह" माझ्याबरोबर खाली आलं, गाडीत बसलं, आणि त्या अख्ख्या जून महिन्यात आई माझ्याकडे होती आणि आम्ही ॲबर्डीनशरमधले कॅसल आणि बागा बघत हिंडत होतो तेव्हा सारखं मध्ये मध्ये येत राहिलं. कारण अजिंक्यताऱ्यावर कोणी राहत नाही याचं मला आयुष्यात कधी दुःख झालेलं नव्हतं. किल्ला म्हणजे रिकामाच असतो. वारा, तटबंदी, टाक्यातलं हिरवं पाणी, वर टीव्हीचा टॉवर, आणि पायथ्याशी आपण. तिथे कोणाचं तरी अंथरूण पडलेलं होतं, कोणाचं तरी बाळ रात्री रडलं होतं, हे मी लहानपणापासून शंभरदा चढून गेले तरी मनात आलंच नव्हतं.

इकडे नेमकं उलटं. सह्याद्रीतून आलेलं माणूस पहिल्यांदा इथल्या कॅसलला जातं तेव्हा महादरवाजा शोधतं, बुरूज शोधतं, चोरवाट कुठे विचारतं, आणि त्याला दिसते चादर घातलेली पलंगाची गादी. क्रेगीव्हार तर उघड उघड घरच आहे. गुलाबी रंगाचं, सात मजली, खाली सरळसोट आणि वर गेल्यावर एकदम कोपऱ्याकोपऱ्यातून टोकदार छपरांचे लहान बुरूज फुटलेले. विल्यम फोर्ब्स नावाच्या व्यापाऱ्याने ते १६२६ मध्ये पूर्ण केलं, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज जन्मायला अजून चार वर्षं होती. बाल्टिक समुद्रावरच्या डान्झिग बंदराशी व्यापार करून त्याने पैसा केला, म्हणून लोक त्याला डान्झिग विली म्हणायचे. लढाईसाठी असं त्यात फारसं काही नाहीच, व्यापाऱ्याने चार पैसे मिळाल्यावर हौसेने बांधलेलं उंच घर. फोर्ब्सच्याच वंशातल्या सेम्पिल घराण्याकडे ते १९६३ पर्यंत होतं, मग जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आलं. वरच्या मजल्यांवर आजही विजेचे दिवे नाहीत. जेवढा उजेड खिडकीतून येतो तेवढ्यातच बघायचं, आणि मग दिवाणखान्याच्या छतावरचं चुन्याचं नक्षीकाम हळूहळू, डोळे सरावतील तसं उमटत जातं. मेणाच्या पॉलिशचा वास, जुन्या लोकरीचा वास, आणि थंड दगडाचा एक वास, तो मात्र मला ओळखीचा वाटला.

आईने तिथे पहिला प्रश्न विचारला तो असा, "अगं, पण एवढं पुसतं कोण?"

मला हा प्रश्न फार आवडला आणि मी तो पुढे प्रत्येक ठिकाणी विचारत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी लोक अगदी मनापासून उत्तर देत गेले, कारण हाच प्रश्न त्यांच्या रोजच्या कामाचा असतो. धूळ मऊ ब्रशने आधी सुटी करतात आणि मग ओढून घेतात, कापडावर थेट मशीन लावत नाहीत. पडदे अर्धे ओढलेले असतात ते उन्हाने रंग उडू नये म्हणून. आणि भिंती. क्रेगीव्हारला विसाव्या शतकात बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला होता, तो पाणी आत धरून ठेवायचा, भिंतीला श्वास घेता येईना, मग २००५ नंतर काही वर्षं खपून ते सगळं खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला, आणि अलीकडे परत एकदा गुलाबी चुन्याचे हात दिले. आई हे सगळं मान हलवत ऐकत होती. आमच्या आजोळच्या वाड्याला कोणीतरी हौसेने सिमेंट लावलं आणि दोन पावसाळ्यांत भिंत आतून फुगली, हे तिने पाहिलेलं आहे. तिने मला सांगितलं, सांग त्यांना, आमच्याकडेपण असंच झालं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, मग काय केलंत? आई म्हणाली, पाडला.

क्रेथीस आणि ड्रम एकमेकांच्या शेजारी, डी नदीच्या काठाने अर्ध्या दिवसात दोन्ही होतात. दोघांचीही गोष्ट १३२३ पासून सुरू होते, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याने आपल्या माणसांना इथली जमीन दिली, बर्नेटांना क्रेथीसकडची आणि अर्विनांना ड्रमची. ड्रमला जुना चौकोनी टॉवर आहे, अंगावर येणारा, तोच मला त्यातल्या त्यात किल्ल्यासारखा वाटला. क्रेथीसच्या गोल जिन्यात एक पायरी मुद्दाम कमी-जास्त उंचीची ठेवलीय, शत्रू धावत वर आला तर अडखळावा म्हणून. छताच्या तुळयांवर रंगवलेली चित्रं आणि ओळी आहेत, झोपल्या झोपल्या वाचाव्यात अशा. पण क्रेथीसला माणसं खरी जातात ती बागेसाठी. १७०२ मध्ये लावलेली यू झाडांची कुंपणं आहेत, भिंतींएवढी जाड, वरून गोलाई देत कापलेली, त्यांच्या आत एकेक वेगळी बाग, कुठे फक्त पिवळं-सोनेरी, कुठे निळं-जांभळं. ही रंगांची आखणी बरीचशी सर जेम्स आणि लेडी सिबिल बर्नेट या नवरा-बायकोने विसाव्या शतकात केली. जूनमधली रात्रीचे दहा वाजले तरी न जाणारी उन्हं, त्यात ती निळी फुलं काळोख पडायच्या जरा आधी स्वतःच उजळल्यासारखी होतात, आई तिथल्या बाकावरून उठायलाच तयार नव्हती.

सगळीकडेच असं निर्मळ वाटत नाही, हेही सांगायला हवं. फायव्ही कॅसलला पाच घराण्यांच्या नावाचे पाच टॉवर आहेत, शेवटचा अलेक्झांडर फोर्ब्स-लीथचा, त्याने अमेरिकेत पोलादात पैसा कमावला आणि १८८९ मध्ये अख्खा कॅसल विकत घेतला. भिंतींवर सुंदर पोर्ट्रेट्स आहेत, मी बघत राहिले. लीथ हॉलला गेलो तर त्या घराण्यातला एक जण १८५७ च्या उठावात ९३व्या सदरलँड हायलँडर्स पलटणीबरोबर लखनौला होता. घर लहानसं, प्रेमळ, अंगणात गवत, मागे उतारावर फुलांच्या रांगा, आणि आत लखनौ. मी आईला लगेच सांगितलं नाही, ती फुलं बघत होती. नंतर गाडीत सांगितलं. ती बराच वेळ बाहेर बघत बसली आणि मग म्हणाली, तरी माळी चांगला आहे गं त्यांचा. दोन्ही खरं होतं आणि मला त्यातलं एकही खोडता आलं नाही.

मग पिटमेडन.

पिटमेडनला कॅसल नाही. एक साधं घर आहे आणि भिंतींनी वेढलेली मोठी बाग. तुम्ही वरच्या बाजूने येता, कठड्यापाशी उभे राहता आणि खाली ती एखाद्या आखीव कागदासारखी पसरलेली दिसते, बॉक्स नावाच्या झुडपाची घोट्याएवढी कुंपणं, सगळी मिळून पाच मैलांच्या वर भरतात म्हणे, त्यांचे वळसे, चौकटी, अक्षरं, आणि मधल्या जागेत दरवर्षी नव्याने लावलेली हजारो रोपं. बॉक्सच्या पानांना ऊन लागलं की एक उग्र वास सुटतो, बऱ्याच जणांना तो सहन होत नाही, आईला आवडला, अडुळशासारखा आहे म्हणाली. भिंतींच्या कडेने सफरचंदाची झाडं फांद्या पसरून बांधलेली. दोन कोपऱ्यांत घंटेसारख्या छपरांच्या दोन टुमदार खोल्या. आणि एका दरवाज्यावरच्या दगडात लॅटिनमध्ये कोरलंय की या बागेचा पाया २ मे १६७५ रोजी घातला. सर अलेक्झांडर सेटन आणि त्याची बायको मार्गारेट लॉडर, दोघांच्या नावांची आद्याक्षरं दगडात आहेत. सेटनचा बाप १६३९ मध्ये ब्रिज ऑफ डीच्या लढाईत मारला गेला होता, मुलगा तेव्हा अगदी तान्हा. त्या मुलाने मोठं झाल्यावर हे केलं, बाग.

१६७५. मी तो आकडा वाचला आणि माझ्या डोक्यात आपोआप जे झालं ते कुठल्याही मराठी माणसाच्या डोक्यात झालं असतं. राज्याभिषेक ६ जून १६७४. जगदीश्वराच्या देवळापाशी हिरोजी इंदुलकरांनी कोरून घेतलेला शिलालेख त्याच वर्षीचा. म्हणजे रायगडावर तो दगड बसला आणि वर्षाच्या आत इथे, या थंड उत्तरेच्या टोकाला, दुसऱ्या एका माणसाने दरवाज्यावर दगड बसवला. दोघांनाही वाटलं असणार की आपण केलेलं आता इथेच राहणार, पिढ्यान्‌पिढ्या. मी आईला दगड दाखवला, तिने बोटाने अक्षरं गिरवली नाहीत, हात लावायची परवानगी आहे का ते आधी विचार म्हणाली.

आणि मग माहिती देणाऱ्या फलकावर पुढची ओळ. १८१८ मध्ये घराला आग लागली आणि बागेचे मूळ आराखडे, कागदपत्रं, सगळं जळून गेलं.

१८१८.

मला त्या जागी खरंच काही सुचेना. आपल्याला हे साल शिकवावं लागत नाही. पेशवाई गेली ते साल, आणि मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेने पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर तोफगोळे टाकले ते साल. दुसऱ्या बाजीरावांची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. महाराजांचा वाडा पेटला आणि जळत राहिला, दहा तारखेला गड गेला. आज आपण वर जातो तेव्हा दिसतात ती जोती, दगडी चौथऱ्यांच्या ओळी, इथे राणीवसा होता, इथे अष्टप्रधानांची घरं, असं गाईड हात करून दाखवतो आणि आपण हवेत भिंती उभ्या करतो. रायगडावर कोण राहतं, असं कोणी मला विचारलं असतं तर त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या आगीपर्यंत जाऊन उत्तर द्यावं लागलं असतं. क्रेगीव्हारच्या आजींना मी नुसतं "कोणी नाही" म्हटलं होतं. कोणी नाही याला कारण असतं, ते कारण मी सांगितलं नव्हतं, आणि तेच मला इतके दिवस टोचत होतं हे मला पिटमेडनच्या कठड्यापाशी कळलं.

अर्थात दोन आगींत फरक आहे. इथली नुसती घरात लागलेली आग, तिथली लावलेली. आणि त्यानंतरही फरकच आहे. पिटमेडनची बाग पुढे भाजीपाला लावायची जागा होऊन गेली होती, कोबी-बटाटे. जागा मेजर जेम्स कीथ यांनी १९५२ मध्ये ट्रस्टला दिली आणि मग तिथल्या माणसांनी ठरवलं की सतराव्या शतकातली बाग परत करायची. पण आराखडाच नाही. तेव्हा जेम्स रिचर्डसन या जाणकाराच्या मदतीने त्यांनी एडिंबराच्या होलीरूड राजवाड्याच्या बागेची नक्षी घेतली, १६४७ साली काढलेल्या शहराच्या एका चित्रात ती दिसते, त्यावरून तीन चौकोन आखले, आणि चौथ्यात सेटन घराण्याचं मानचिन्ह आणि त्यांची ब्रीदवाक्यं फुलांनी लिहिली. म्हणजे आज आपण जी बघतो ती सेटनची बाग नव्हे. त्याच्या काळातली, दुसऱ्या कोणाच्या तरी बागेच्या चित्रावरून, त्याच्या जमिनीत लावलेली. आणि हे ते लपवत नाहीत, फलकावर सरळ लिहिलंय. मला आधी थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं, खरं सांगते. पण तिथे एक माळी गुडघ्यावर बसून कात्रीने कुंपण सारखं करत होता, प्रत्येक झुडपानंतर कात्री पुसत होता, बॉक्सला बुरशीचा रोग येतो आणि कात्रीवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो म्हणून. आईने मला दुभाषी करून त्याला बराच वेळ अडवून ठेवलं. वर्षातून किती वेळा छाटता, खत कसलं, रोपं थंडीत कुठे ठेवता. त्याच्याकडे बघताना मूळ आणि नक्कल हा माझ्या मनातला वाद ढिला पडत गेला. बाग कुठलीही असो, ती मागच्या वर्षीची नसतेच, दर मे महिन्यात सगळं पुन्हा मातीत लावायचं असतं.

पिटमेडनहून आम्ही उत्तरेला समुद्रापर्यंत, बान्फला गेलो. त्यात माझा स्वार्थ होता. ग्रँट डफ बान्फचा. आपल्या इतिहासावर इंग्रजीत पहिले मोठे तीन खंड लिहिणारा तो जेम्स ग्रँट १७८९ मध्ये इथे जन्मला, सोळाव्या वर्षाच्या आसपास हिंदुस्थानात आला, आणि १८१८ मध्ये, परत तेच साल, साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराजांजवळ कंपनीचा अधिकारी म्हणून बसला. तो एकोणतिशीचा, महाराज पंचविशीचे. चार वर्षं तो माझ्या गावात होता, अजिंक्यताऱ्याच्या सावलीत, दफ्तरं उघडून, बखरी आणि घराण्यांचे कागद गोळा करत. मग तब्येत बिघडली, परत आला, आईकडून एडन नावाची जहागीर आणि डफ हे आडनाव मिळालं, आणि १८२६ मध्ये इतिहास छापला. मराठ्यांच्या उदयाला त्याने सह्याद्रीतल्या वाळल्या गवताच्या वणव्याची उपमा दिली. ती न्यायमूर्ती रानड्यांना पटली नाही आणि मलाही पटत नाही, वणवा आपला आपण लागतो, राज्य कोणीतरी उभं करावं लागतं. डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी तर विद्यार्थी असतानाच त्याच्या चुका काढल्या. तरी त्याने कागद पाहिले, विचारपूस केली, लिहिलं, हेही आहेच.

बान्फमध्ये डफ हाऊस आहे, फाईफच्या सरदारांचं. विल्यम ॲडमने १७३५ मध्ये सुरू केलेलं, उंच, कोरीव, दोन्ही बाजूंचे पंख कधी बांधलेच नाहीत, कारण खर्चावरून मालक आणि ॲडम कोर्टात गेले. मालक म्हणे तिथे कधी राहिला नाही, आणि त्या रस्त्याने जाताना बग्गीचे पडदे ओढून घ्यायचा. पुढे त्याचं हॉटेल झालं, रुग्णालय झालं, दुसऱ्या महायुद्धात जर्मन कैदी ठेवले आणि त्याच्यावर जर्मनांचाच बॉम्ब पडला, आता चित्रं लावलीयत. लहान जेम्स ग्रँटने हे घर रोज पाहिलं असणार. तिथून डेव्हरन नदीच्या काठाने झाडीतून पायवाट जाते. एडन त्याच नदीच्या वरच्या अंगाला. आम्ही काही शोधायला गेलो नाही, नुसतं पाण्याच्या कडेने चाललो. पाणी चहाच्या रंगाचं, दगड काळे, हिरवा ओला वास, आणि मी सारखी त्या दोन तरुणांचा विचार करत होते. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, तिथेच ते वारले. ग्रँट डफ तोवर कधीच इकडे परतलेला होता, १८५८ पर्यंत जगला. ही बातमी त्याला कशी लागली असेल, पत्राने, वर्तमानपत्राने, आणि ती वाचून तो या नदीकाठाने चालला असेल का. मला त्याच्यावर राग धरायचा होता, तो पूर्ण धरता येईना, आणि सोडताही येईना.

परतीच्या वाटेवर आईचं आणि माझं जुंपलं. आईचं म्हणणं, रायगडावरचा वाडा परत बांधायला पाहिजे. या लोकांनी दुसऱ्याच्या बागेचं चित्र आणून बाग उभी केली ना, मग आपण का नाही? मी म्हटलं, आई, फुलं चुकली तर पुढच्या वर्षी उपटून दुसरी लावता येतात, महाराजांचा वाडा अंदाजाने बांधला आणि चुकला तर तो चुकलेलाच दोनशे वर्षं उभा राहील आणि मुलं त्यालाच खरा समजतील. तिथे उत्खनन चालू आहे, त्यांना आधी सगळी जोती नीट उघडू दे, मोजू दे, जे सापडतंय ते तिथल्या तिथे दाखवू दे. ती म्हणाली, तू चांगली शिकलीस, पण तुला त्या मोकळ्या जागेत उभं राहून पोटात कसं होतं ते होत नाही का? होतं की. मला होतं म्हणूनच मला तिथे खोटं नकोय. मग ती म्हणाली, बरं, वाडा राहू दे, पण कोण कुठे राहायचं, काय खायचे, पाणी कुठून यायचं, रात्री दिवे कसे लावायचे, हे तरी कोणीतरी तिथे बसून सांगायला नको का, त्या क्रेगीव्हारच्या बाईसारखं, खुर्ची टाकून, रोज?

यावर मात्र मी लगेच हो म्हटलं. आई सातारला परत गेलीय आणि तिच्या महिला मंडळात तिने हा विषय काढलाय, अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करू म्हणतेय, रविवारी सकाळी दोघी-दोघींनी वर जाऊन बसायचं, येणाऱ्यांना सांगायचं. काय सांगायचं त्याची वही ती लिहितेय आणि फोनवर मला वाचून दाखवतेय. ग्रँट डफ त्यात घ्यायचा की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.